विभागाच्या पानावर माहिती हवी, रुग्ण नको

महोदय,
एमबीबीएसनंतर पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देऊन एमएस सर्जरीची जागा निवडताना मुले ओळखीच्या सिनिअरांना फोन लावत बसतात. मेडिकल, मेयो, एम्स अशी मोठी सरकारी रुग्णालये नागपुरात आहेत. त्यांच्या सर्जरी विभागांनी इन्स्टाग्राम-यूट्यूबवर खरी माहिती दिली, तर विदर्भातल्या मुलांची केवढी सोय होईल! पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला हर्निया, अपेंडिक्स स्वतः करायला मिळते का, सलग ड्युटी किती तास, लॅप्रोस्कोपीचा (दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा) सराव कुठे होतो, हे सांगा. सत्काराचे फोटो कमी चालतील.

रुग्णाला मात्र त्यात ओढू नका. शहरातल्या एका रुग्णालयाच्या रीलमध्ये टेबलावरच्या बाईंचा चेहरा झाकला होता, पण हातावर गोंदलेले नाव स्पष्ट वाचता येत होते. त्यांच्या घरच्यांना काय वाटले असेल? डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय वैद्यकीय नियतकालिकातही छापता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेली समाजमाध्यमांची नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली. म्हणून विभागप्रमुखांनीच एका प्राध्यापकावर या पानाची जबाबदारी सोपवावी. चित्रीकरणाची संमती शस्त्रक्रियेच्या फॉर्मवर उरकू नये. ती वेगळी, मराठीत समजावून घ्यावी आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे आधी सांगावे.

– एक पालक, नागपूर