बियाण्याची माहिती जिच्याकडे, तिला बैठकीला बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोहिणीत धूळवाफ पेरणी (कोरड्या रानातली) उरकायची, मृगाच्या पावसावर उगवण, तरण्या-म्हाताऱ्या (पुनर्वसू-पुष्याच्या) पावसात भांगलण म्हणजे तण काढणं, हा आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या भाताचा ठरलेला हिशेब. तो आता बसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा आणि घटप्रभेनं पात्र सोडलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं आणि २०२३ साली कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातल्या लोकांची तर गोष्टच वेगळी. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात त्यांच्या भातात शिरतो, त्यासाठी महापूरच यायला हवा असं नाही.

यावर सल्ले पुष्कळ मिळतात. कमी दिवसांची जात घ्या, पीकविमा भरा, पाणी जपून वापरा. सल्ल्यात खोट नाही. पण ते ऐकायला जो बसतो आणि रानात जी राबते, ती दोन वेगळी माणसं आहेत, हे कुणी लक्षात घेत नाही. खानापूरच्या पश्चिमेकडची गावं बघा. गडीमाणूस गोव्यात नाही तर पुण्यात, जवळ असला तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत. सुट्टी काढून येतो, चिखलणी-नांगरट करून देतो आणि परत जातो. पुढची लावण, भांगलण, रताळ्याच्या वेलाची लागण, कापणी, राखण सगळं बाईच्या अंगावर. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात बियाणं आणायला मात्र ज्याच्या नावावर उतारा तोच जातो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरात बाईच्या नावावरची वहिवाट जेमतेम १४ टक्के निघाली. मग नुकसानभरपाई कुणाच्या खात्यावर पडते, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या सासूबाई बियाणं मळणीच्या राशीतून कधी घेत नाहीत. कापणीच्या आधी उभ्या पिकातून फिरतात. बांधाकडेची लोंबं सोडून देतात, कारण शेजारच्या जातीची भेसळ तिथं आधी होते. रानाच्या मधली, तळापर्यंत भरलेली लोंबं तेवढी वेगळी कापून हातानं झोडतात. उन्हात घातलेला दाणा दाताखाली धरून बघतात. कटकन तुटला तर वाळला, चेपला तर अजून एक ऊन. मग कडुलिंबाचा पाला घालून ठेवण. पेरणीच्या आधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून उगवण बघितल्याशिवाय त्या बियाण्याला हात लावू देत नाहीत. कुठल्या खाचरात पाणी तुंबून राहतं, तिथं कुठली जात कुजते, बासमती कुठं उभी राहते आणि कुठं वाऱ्यापावसात आडवी होते, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. कुठल्याही कागदावर नाही. आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलंही नाही.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र माझं म्हणणं नाही. नक्षत्रांवर आता भरवसा उरला नाही, हे सासूबाई स्वतःच बोलून दाखवतात. मृग पंचांगात वेळेवर निघतो, आभाळात निघत नाही. इथं सरकारी यंत्रणा कामाला यावी. कर्नाटकात ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक बसलेत, हवामान विचारायला ‘वरुण मित्र’ ही दूरध्वनी सेवाही आहे. पण फोन घरातल्या पोराच्या हातात आणि माहिती कन्नडमध्ये. मराठी शाळेत चौथी झालेल्या बाईनं त्याचं काय करायचं? मी कन्नडच्या विरोधात बोलत नाही, माझी मुलं कन्नड छान बोलतात. पाऊस कधी येणार ते बाईला समजेल असं सांगा, एवढंच.

अजून एक बाब फारशी बोलली जात नाही. पाऊस मधेच दडी मारतो, तेव्हा पेरभातात तण माजतं आणि एकाऐवजी दोन भांगलणी होतात. दुसऱ्या भांगलणीचे बाईचे दिवस कुठल्याच हिशेबात नसतात. मजूर परवडत नाहीत म्हणून तणनाशक मारलं, तर बांधावरचा टाकळा, कुर्डू जळून जातो. पावसाळ्यात हाच आमचा माळवा, म्हणजे भाजीपाला, बिनपैशाचा. ज्या उपायानं पीक वाचतं, त्यानं कुणाचं काम वाढलं, कुणाची मजुरी गेली आणि कुणाच्या ताटातली भाजी गेली, हे विचारायला काय हरकत आहे? २०१५ च्या पॅरिस कराराच्या सातव्या कलमात हवामान बदलाशी जुळवून घेताना स्त्री-पुरुष दोघांचा विचार करा, विज्ञानाबरोबर पारंपरिक आणि स्थानिक ज्ञानही घ्या, असं लिहिलंय. आपल्या देशाची त्यावर सही आहे.

नवीन योजना काढा, असंही मी म्हणत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांकडून माहिती घेऊन केलेली गावच्या जैवविविधतेची नोंदवही बंधनकारक आहे. समितीत एक तृतीयांश बायका असाव्यात, असा नियम आहे. राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा ठिकठिकाणी या नोंदवह्या घाईनं पुऱ्या झाल्या. आपल्या पंचायतीतली वही कुणी लिहिली, कुणाला विचारून लिहिली, हे वाचकांनी एकदा जाऊन बघावं. तिच्यात भाताच्या जाती, रानभाज्या, बियाणं राखायच्या रीती, पाणी तुंबणारी खाचरं ही माहिती बायकांच्या तोंडून आणि त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावी. त्यासाठीची बैठक सकाळी अकराला ठेवू नये, तेव्हा आम्ही रानात असतो. दिवेलागणीनंतर देवळात नाही तर शाळेच्या व्हरांड्यात बसू. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, तेव्हा निवडून आलेल्या बायकांनीच हे मनावर घेतलं तर महिन्याभराचं काम आहे. त्यांच्या वतीनं घरधनी बैठकीला येतात, तेवढं थांबलं पाहिजे.

आणि एक विनंती आपल्याला. मे ते ऑक्टोबर आपल्या अंकात रोज भागवार पावसाचे आकडे आणि पुढच्या चार दिवसांचा अंदाज मराठीत, ठळक अक्षरात, एका ठरलेल्या जागी द्यावा. गावात पेपर दुपारी का होईना, हातोहात फिरतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचं काम आमचा बचत गट करील.

आपली,
एक शेतकरी महिला
ता. खानापूर, जि. बेळगाव