पप्या, क्लास काढू का विचारलंस म्हणून

स्टॉकटन, कॅलिफोर्निया
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय पप्या,

तुझा मेसेज आला तेव्हा मी पहाटेच्या एसीई ट्रेनमध्ये होतो, सॅन होजेला ऑफिसला जाताना, आणि "मर्दानी खेळाचा स्वतःचा वर्ग काढू म्हणतोय, तू तिकडं चालवतोयस तर सांग" एवढी एकच ओळ, पण ती दोन तास डोक्यात फिरत राहिली. व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायचा विषय नाही हा लेका. म्हणून बसलो लिहायला.

आमच्या एस्क्रिमाच्या, म्हणजे फिलिपिनो काठीच्या खेळाच्या, क्लासची चावी मानोंगनी माझ्या हातात दिली त्याला आता तीन वर्षं झाली. मानोंग म्हणजे इलोकानो भाषेत थोरला भाऊ, इकडं वयस्कर फिलिपिनो माणसाला सगळेच तसं म्हणतात. गुडघे पार गेलेत त्यांचे, पण खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून सांगतात की माझा डावा पाय उशिरा आला. काठ्या एकमेकींवर कशा वाजतात त्यावरून कळतं म्हणे, आणि खरंच बरोबर असतं, मी व्हिडिओ काढून बघितलंय. तुझ्या तालमीतल्या वस्तादांची आठवण येते मला त्यांच्याकडं बघून, ते पण असंच पाठमोरे उभे राहून "पट्टा ढिला पडला" म्हणायचे.

पोरं नऊ. म्हणजे पोरं म्हणायचं, एक नर्स आहे, दोघं गोदामात शिफ्टला, एक मायलेकींची जोडी, एक ट्रक चालवणारा शीख पोरगा, बाकी कॉलेजवाले. तो शीख पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला आमच्या घरात गतका आहे, म्हणजे शिखांचा काठी-तलवारीचा खेळ, मी म्हणलं आमच्याकडं फरी-गदका आहे, आणि मानोंग आम्हा दोघांकडं बघून हसत होते, कारण इथं 1912 पासून गुरुद्वारा आहे आणि ह्या शहराच्या आसपासच्या शेतात पंजाबी आणि फिलिपिनो मजूर दोघंही राबलेत.

तुला हे सांगायलाच पाहिजे, कारण तू "खेळ बाहेरच्यांना शिकवावा का" असं मागं एकदा विचारलं होतंस. 1920-30 च्या सुमारास जे फिलिपिनो तरुण इथं आले ते ॲस्परॅगसच्या शेतात दिवसभर कंबरेत वाकून राबायचे, शहरातल्या हॉटेलांवर फिलिपिनोंना प्रवेश नाही अशा पाट्या असायच्या, गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्यानं बंदी. ह्या लोकांकडं एस्क्रिमा होती, पण ती मजुरांच्या छावणीत, आपल्यातल्या आपल्यात, दार लावून. मग 1966 मध्ये आंहेल काबालेस यांनी इथंच स्टॉकटनमध्ये क्लास उघडला आणि दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. अमेरिकेतला एस्क्रिमाचा पहिला खुला क्लास तोच धरतात. सगळ्यांना ते पटलं नव्हतं. आपली विद्या परक्याच्या हातात का द्यायची, हा प्रश्न तुझ्या पेठेत पण ऐकला असशील तू. पण त्यांनी दिली नसती तर कोल्हापूरचा एक इंजिनियर आज हे पत्र लिहीत नसता. ज्या भागात ही माणसं राहायची त्या लिटल मनिलाचा बराच भाग नंतर पाडला, वरून फ्रीवे गेला. मी रोज त्या फ्रीवेवरून जातो. चौक गेले, दुकानं गेली, काठी मात्र राहिली, कारण ती कुणाच्या तरी हातात होती.

आता काठी. ती वेताचीच आहे पप्या, आपला वेत! मास्तरांच्या हातातला असायचा त्यापेक्षा जाड, अंगठ्याएवढा, साधारण 28 इंची असते बहुतेक ठिकाणी, आमच्या सेरादा पद्धतीत त्याहून आखूड, कारण सेरादा म्हणजेच बंद, जवळून खेळायचं. लाकूड फुटलं की टोकदार कपची उडते, वेत तसा फुटत नाही, तो झिजतो, त्याचे केसासारखे तंतू निघतात, म्हणून आम्ही वरून इलेक्ट्रिकची टेप गुंडाळतो. आणि वास! दोघांनी वीसएक मिनिटं जोरात खेळलं की जिथं काठीवर काठी बसते तिथून जळका वास येतो, साल करपल्यासारखा. तो वास कपड्यांना लागतो, गाडीत राहतो, बायको म्हणते तू घरात यायच्या आधी तुझा क्लास घरात येतो.

एक सराव आहे, त्याला लॉक अँड ब्लॉक म्हणतात. मारायचे बारा कोन ठरलेले असतात. एक जण मारतो, कुठल्याही क्रमानं, न सांगता, आणि दुसरा अडवून लगेच उलट मारतो, मोकळा हात सतत समोरच्याच्या मनगटावर, दंडावर चिकटलेला. जो मारतो त्याला फीडर म्हणतात, म्हणजे घास भरवणारा. चांगला फीडर असेल तर समोरचा सहा महिन्यात माणसात येतो, वाईट असेल तर सहा वर्षात नुसता घाबरायला शिकतो. क्लास चालवणं म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की आता तू फीडर झालास. तुझी पाळी नाही. आठवड्याचे तीन दिवस, दर वेळी दोन तास, तू नऊ जणांना भरवणार आणि तुला भरवणारं कोणी नाही.

हे मला पहिल्या वर्षी फार लागलं. मी शिकायला आलो होतो ना, माझी भूक होती, आणि एकदम माझा स्वतःचा सराव थांबला. ह्यातूनच ते झालं जे मी तुला फोनवर कधी बोललो नाही. एका संध्याकाळी नर्सबाईंना फीड करत होतो आणि त्या छान खेळत होत्या, अगदी छान, मला इतका आनंद झाला की मी वेग वाढवला. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला खेळायचं होतं. सातवा कोन त्यांना दिसलाच नाही, काठी सरळ मधल्या बोटावर. आवाज वेगळा आला, मानोंग खुर्चीतून उठले. बोट मोडलं होतं. हातावर पोट असलेली बाई, सुया टोचणारा, सलाईन लावणारा हात तो. पाच आठवडे त्या वॉर्डात जाऊ शकल्या नाहीत. मी दर रविवारी डबा घेऊन गेलो त्यांच्या घरी, त्या काही बोलल्या नाहीत, उलट त्यांच्या आईनं मला जेवायला वाढलं. मला आजही ते आठवलं की घास अडकतो. मानोंग फक्त एवढंच म्हणाले, "कोणासाठी मारलीस ते बघ."

त्यांनीच मग रेमी प्रेसास यांचं सांगितलं. जुनी रीत अशी होती की काठी हातावरच मारायची, सापाचे दात आधी पाडायचे म्हणजे साप निकामी, लढाईत ते बरोबरच आहे. पण शिकणाऱ्यांचे हात सुजायचे आणि लोक सोडून जायचे. प्रेसास यांनी त्यांच्या मॉडर्न आर्निस पद्धतीत (आर्निस म्हणजे एस्क्रिमाचंच दुसरं नाव) काठीवर काठी मारायचा सराव रुजवला, म्हणून शाळा-कॉलेजात आर्निस पोचलं. आणि 2009 मध्ये तर फिलिपिन्सनं कायदा करून आर्निस राष्ट्रीय खेळ केला. तेव्हा पट्टा फिरवणाऱ्या लहान पोरी तुझ्याकडं येतील, पप्या, तर आधी हे ठरव की त्यांची बोटं कशी वाचवणार. बाकी सगळं नंतर.

पैशाचं थोडक्यात सांगतो. महिन्याला 70 डॉलर फी, दोघं निम्मी देतात, एक जण देत नाही आणि मी मागत नाही. त्यातून हॉलचं भाडं, विमा, काठ्या, टेप. उरत काही नाही, कधी माझ्याच खिशातून जातात. मागच्या वर्षी आधीच्या जागेच्या मालकानं भाडं 400 वरून एकदम 900 केलं, पंधरा दिवसांची मुदत, तोंडावर हिवाळा. चौदा जण होते तेव्हा. आम्ही बागेत गेलो. इथं हिवाळ्यात ट्युले फॉग पडतो, असं दाट धुकं की हाताच्या अंतरावरचा माणूस धूसर, आणि त्या धुक्यात आम्ही सिनावली खेळायचो, दोन-दोन काठ्या घेऊन, बांबूची तट्टी विणतात तशी एकाखालून एक. काठी दिसायचीच नाही, नुसता ठेका ऐकू यायचा, टक-टक-टक, टक-टक-टक, आणि त्या ठेक्यावर हात आपोआप जायचा. पाच जण सोडून गेले त्या हिवाळ्यात. उरलेले नऊ मात्र आवाजावर खेळायला शिकले, आणि तेव्हा मला कळलं की मानोंग खुर्चीत बसून काय ऐकतात.

म्हणून जागेपायी थांबू नकोस. फिलिपिन्समधल्या सेबूमध्ये एस्क्रिमाची बालिंतावाक पद्धत 1952 मध्ये आन्सियोंग बाकोन यांनी सुरू केली ती घड्याळं दुरुस्त करायच्या एका दुकानाच्या मागल्या अंगणात, रस्त्याचं नाव बालिंतावाक म्हणून पद्धतीचं नाव बालिंतावाक. तुझ्या मागल्या दारी तर एवढं मोठं अंगण आहे, चिंचेखाली पाच जण आरामात फिरतील.

पण पाचच घे आधी. वस्तादांना सांगून काढ, त्यांच्या पाया पडून, त्यांना खुर्ची टाक पहिल्या दिवशी. फुकट शिकवू नकोस, शंभर रुपये घे पण घे, फुकट आलेला पावसाळ्यात येत नाही. आणि तुझ्यासाठी एक दिवस राखून ठेव, आठवड्यातला एक, जेव्हा तुला कोणीतरी मारेल. माझ्यासाठी आता शनिवारी सकाळी तो शीख पोरगा येतो, गॅरेजमध्ये, दारू पिऊन नाचल्यासारखा बेधडक मारतो, मी अडवतो. ह्या एका तासावर माझा आठवडा निघतो. आणि नर्सबाई परत आल्या, हे सांगायचं राहिलं. आता त्या नवीन पोरांना फीड करतात. त्यांची काठी कशी येते माहितीय, अगदी समोरच्याला पेलेल तेवढीच, केसभर जास्त नाही. मी बाजूला उभा राहून बघत असतो.

डिसेंबरात येतोय दोन आठवडे. चार काठ्या आणतोय, दोन तुझ्या. तू तेवढं वस्तादांना विचारून ठेव, पट्ट्यात मागं सरताना डावी टाच उचलायची की टेकवायची, माझं आणि मानोंगचं त्यावरून महिनाभर चाललंय.

काकींना नमस्कार सांग.

तुझाच,
सम्या