आधी चाला, मग कॅमेरा काढा

महोदय,

मी नागपूरचा. कोल्हापुरात रस्त्यावरच्या छायाचित्रणाची कार्यशाळा घेताना पहिल्या सकाळी कुणालाच कॅमेरा काढू दिला नाही. पापाची तिकटी ते गंगावेश नुसते चालवले. काहीजण वैतागले. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढणारे मामा स्वतःच म्हणाले, "काढा की फोटू, पन आदी दूध घ्या." ३५ मिमीच्या, म्हणजे दूरचे मोठे करून न दाखवणाऱ्या रुंद लेन्सला असे जवळ जावेच लागते. लांबून झूम लावून माणसे टिपणे मला चोरटेपणाच वाटतो. तालमीत तर वस्तादांना विचारल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावू नये.

बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकांनी एखादा स्थानिक छायाचित्रकार सोबत घ्यावा, आणि त्याला मानधन द्यावे. नुसता चहा नव्हे! महाद्वार रोडच्या कुठल्या बोळात ऊन कधी उतरते, हे त्यालाच ठाऊक असते.

– एक छायाचित्रण प्रशिक्षक, नागपूर