सूचना : आत्याचा आजारही डॉक्टरांना सांगा
मैत्रिणींनो, अंडाशयाचा कर्करोग बहुधा पन्नाशीनंतर दिसतो, म्हणून तिशीतल्या मुली निर्धास्त असतात. पण घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर सांगा. आई-मावशीचं सांगितलं जातं, आत्याचं राहून जातं. या कर्करोगांचा धोका वाढवणारा बीआरसीए १ आणि २ या जनुकांमधला दोष वडिलांकडूनही येतो! त्याची रक्ततपासणी होते. एंडोमेट्रिओसिसमुळेही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो.

पॅप स्मिअर नॉर्मल आली म्हणून अंडाशयाबद्दल निश्चिंत राहू नका. ती गर्भाशयमुखाची तपासणी आहे. पोट सतत फुगणं, दोन घासांतच भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी हे दोन-तीन आठवडे चाललं, तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा.