आधी पत्रा, मग इंजिन

ठाणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मारुती ८०० चं मॅटिंग उचलून काढलेले फोटो पाहिले. इंजिन खोलायची घाई करू नकोस. तिचं ७९६ सीसीचं इंजिन केव्हाही उतरवता येईल, सामान कुर्ल्याला मिळतं. पण या गाडीला वेगळी चासी नसते. खालचा पत्रा आणि दाराखालचे बॉक्स, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ पट्ट्या, हाच तिचा सांगाडा. तोच कुजला असेल तर बाकी सगळा खर्च पाण्यात.

रंगाला रुपयाएवढा फोड दिसतो तिथे आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो, कारण गंज आतून येतो. बॉक्सच्या तळाची भोकं मातीने बुजतात, पाणी साचतं आणि खाडीकाठच्या दमट हवेत लवकर सुकत नाही. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखालून आणि चाकांच्या कमानींवरून फिरव. पकड सुटेल तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बॅटरीखालची जागा, स्टेपनीचा खड्डा आणि पुढच्या शॉकअपचे टॉवर (शॉकअपचं वरचं टोक बसतं ते भाग) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. टॉवर कुजलेले निघाले तर काम थांबव आणि आधी मला फोन कर.

वेल्डिंग सीओटूचंच (तारेचं, मिग) करून घे. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं, २० गेज जाडीच्या पत्र्याचा तुकडा बसवायचा, एकमेकांपासून दूर दूर छोटे टाके मारायचे, मधे थंड होऊ द्यायचं. जुन्या गंजावर नवा पत्रा चढवू देऊ नकोस, मधल्या फटीत पाणी राहतं. एका वेळी एकच बाजू कापायची, आणि त्याआधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा टेका मारायचा. नाहीतर गाडी मधोमध बसते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडवलेली, पेट्रोलची टाकी उतरवलेली हवी. ‘काही होत नाही ताई’ हे अजिबात ऐकायचं नाही.

टाकी खाली आलीच आहे तर आतला गंज बघ आणि पेट्रोलचे रबरी पाइप बदल. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर फुगतं, तडकतं.

पाणी कुठून येतं ते रंगाआधीच शोध. पाइपने खालून वर पाणी मारत जा, आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसू दे. पुढच्या काचेचं रबर आणि वायपरखालची जागा आधी तपासा. जोडांना सीलर, मगच खालून कोटिंग. बॉक्सच्या आत मेण फवारून घे, पण भोकं मोकळी ठेव.

इंजिनाचं तूर्त एवढंच: तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घे. कमी असेल तिथे चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढलं तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. टायमिंग बेल्ट मात्र न विचारता बदल.

आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत कधी संपते ते आज बघ. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदतीच्या ६० दिवस आधीपासून भरता येतो, पण तपासणीला गाडी आरटीओत उभी करावी लागते. तारीख जवळ असेल तर दुसरी बाजू त्यानंतरच कापायला दे.

तुझी,
आई