पहिल्या गालिच्यासाठी रांगोळी नको, वाकळ पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत रांगोळीचे आणि कशिद्याचे नमुने येतात आणि शहापूर-वडगाव भागातील आम्ही कितीतरी जणी ते कापून जपून ठेवतो. अलीकडे टफ्टिंगचा, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या कापडात यंत्राने लोकर खोचून गालिचा तयार करण्याचा, छंद आपल्याकडेही येऊन पोहोचला आहे आणि नवशिक्या मुली त्यासाठी हीच कात्रणे वापरू लागल्या आहेत. चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर मी या मुलींना थोडीफार मदत करते. त्यांची फसगत हाताच्या चुकीपेक्षा नमुन्याच्या निवडीमुळे अधिक होते, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या खानापूरच्या भाचीने पहिलाच गालिचा मोराचा करायला घेतला. पिसाऱ्यातील प्रत्येक डोळ्याला एकात एक अशी तीन कडी होती आणि प्रत्येक कडे लोकरीच्या एकाच ओळीचे होते. या कामात आपल्यासमोर असते ती गालिच्याची पाठ, आणि पाठीवर ओळ रेखीव दिसते, त्यामुळे काम सुरू असताना काही बिघडले आहे असे तिला वाटलेच नाही. चौकटीच्या पलीकडून पाहिले तेव्हा कापलेली टोके फुलून एकमेकांत मिसळली होती आणि डोळ्यांच्या जागी नुसते रंगीत ठिपके उरले होते. ते सुधारावे म्हणून तिने त्याच जागी पुन्हा पुन्हा सुई चालवली, तेव्हा कापडाचे धागे तुटून तिथे भोक पडले.

रांगोळीचा आणि इरकल लुगड्यावरील कशिद्याचा सारा जीव रेषेत असतो. चिमटीतून पडलेली रांगोळीची रेघ पडेल तिथेच राहते आणि कशिद्यातील टाका तर कापडाचे धागे मोजूनच घातला जातो. नवलगुंदच्या जमखान्यावरील कोनदार नक्षीही मागावर उभ्या-आडव्या धाग्यांत विणलेली असल्यामुळे टिकते. टफ्टिंगच्या गालिच्याला मात्र बारीक रेषा मानवत नाही. त्याची भाषा ठिगळांची आहे. म्हणून नवशिक्या मुलीने नमुना शोधायचाच असेल तर तो आजीच्या वाकळीत शोधावा. वाकळीतील तुकडे मोठे असतात, एकाला एक लागून असतात आणि क्वचितच काटकोनात असतात. एखादा तिरका गेला तरी कुणी त्यावर बोट ठेवत नाही. पहिल्या कामाला हवी असते ती नेमकी हीच सवलत.

साधारण ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा, नऊ ठिगळांचा गालिचा पहिल्या कामाला पुरेसा आहे. तो कंटाळवाणा वाटत असेल तर आपल्या पश्चिमेकडील डोंगरांसारखे तीन-चार नागमोडी पट्टे एकावर एक घ्यावेत, किंवा एकच भली मोठी कुयरी काढून तिचे टोक गोलसर ठेवावे. मी मुलींना एकच कसोटी सांगते. नमुना खऱ्या मापात कागदावर काढावा आणि त्यावर बोट ठेवून फिरवावे. जो भाग बोटापेक्षा अरुंद असेल तो एक तर रुंद करावा किंवा काढून टाकावा. संपूर्ण एकरंगी गालिचा सोपा असेल हा समजही खरा नाही, कारण मोकळ्या पृष्ठभागावर विरळ-दाट ओळींचा प्रत्येक दोष उठून दिसतो. मध्यम आकाराची ठिगळे तो बऱ्यापैकी लपवतात.

रंग तीनच असावेत. यंत्राच्या सुईतून बहुधा दोन धागे एकत्र ओवतात, त्यामुळे प्रत्येक रंगाचे दोन गुंडे लागतात आणि रंग बदलताना दर वेळी सुई नव्याने ओवावी लागते. सात रंगांच्या नमुन्यात ही ओवाओवी इतक्या वेळा होते की मुलीचा धीर गालिच्याआधी संपतो. शेजारच्या रंगांत पुरेसे अंतरही हवे. गुलाबी आणि फिकट जांभळा शेजारी आले, तर दोन हातांवरूनही त्यांची सीमा कळत नाही.

गालिच्याचा बाहेरचा आकारही नमुन्याचाच भाग असतो, हे मुली हमखास विसरतात. मागे रबराचा चीक लावून वाळवल्यावर उरलेले कापड आत दुमडून चिकटवावे लागते. चौकोनाला ते सहज जमते आणि गोलाला थोडे काप देऊन जमते, परंतु चांदणीच्या खाचांत कापड दुमडताना अनुभवी हातही अडखळतात.

अक्षरांचा मोहही आवरावा. पाठीकडून काम होत असल्याने नाव उलटे लिहावे लागते आणि देवनागरीच्या मात्रा, रफार, अनुस्वार फुललेल्या लोकरीत गडप होतात. कन्नड अक्षरे गोलाईची असली तरी त्यांच्या पोटातील लहान जागा तशाच बुजतात, त्यामुळे आपल्या भागातील निदान या एका वादात दोन्ही भाषा सारख्याच हरतात. शिवरायांची प्रतिमा, राजमुद्रा किंवा गणपती काढण्याची इच्छा मी समजू शकते. पण गालिचा पायाखाली जातो, एवढे आठवण करून दिले की पुढे काही सांगावे लागत नाही.

तेव्हा आपणास विनंती अशी की, पुरवणीत रांगोळी आणि कशिद्याच्या शेजारी अधूनमधून एखादा ठिगळांचा नमुनाही छापावा. तो तीन रंगांचा असावा आणि त्यावर सेंटीमीटरमध्ये मापे दिलेली असावीत. आमच्या घरातील जुन्या वाकळींवरून असे काही नमुने मी काढून ठेवले आहेत. आपण कळवल्यास ते कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
शहापूर, बेळगाव