डबा गोठ्यात ठेवलाय

केळशी,
२८ मे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गाडीमागे ओढायच्या आपल्या कॅराव्हॅनबद्दल काल फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत, "डबा झाकलास ना गं?" आणि मी दोन्ही वेळा हो म्हणून दुसरंच काही बोलायला लागले. खोटं नव्हतं ते. डबा झाकलाय. पण कुठे नेऊन झाकलाय, हे सांगायला जीभ वळली नाही. पाच तारखेला तुम्ही गाडीतून उतरलात की पहिली नजर माडांखाली जाईल, हे मला माहीत आहे. तिथे तो दिसणार नाही आणि तुमच्या पोटात गोळा येईल. तुमच्या आजारपणाच्या या दिवसांत तेवढंही नको, म्हणून आधीच लिहिते. डबा विकलेला नाही. कुणाला दिलेला नाही. तो आपल्या गोठ्यात उभा आहे.

आणि तो आत मावावा म्हणून मी गव्हाण काढली.

रागवा माझ्यावर. आजोबांच्या हातची होती, मला ठाऊक आहे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, फक्त गप्प झाला असतात, आणि मग माझ्याच्यानं ती काढवली नसती. टेप घेऊन चारदा मापलं. हुकासकट डबा सोळा फूट, आणि गव्हाणीपुढे जागा उरत होती जेमतेम पंधरा. उंचीची अडचण आली नाही, कारण निसर्ग वादळानंतर कौलं काढून पत्रे घातलेत तेव्हा तुम्ही भिंतीही दीड फूट वाढवून घेतल्या होत्या. तेव्हा आई म्हणाली होती, गुरं नाहीत तर एवढा उंच गोठा कशाला. आई, बघ, लागला की नाही उपयोगाला!

गव्हाणीचा एकही चिरा मी बाहेर जाऊ दिलेला नाही. त्याच चिऱ्यांचे दोन पट्टे करून घेतले आणि त्यांवर डब्याची चाकं चढवली, म्हणजे खालच्या ओलीपासून टायर वर राहतील. दावणीचे खुंटे जिथे होते तिथेच आहेत. काळीचा खुंटा तर अजून तसाच गुळगुळीत आहे. काम चाललं होतं तेव्हा मी त्याच्यावर हात ठेवून उभी होते. लहानपणी पावसात लाईट गेली की मी कंदील घेऊन तुमच्या मागे मागे गोठ्यात यायचे, आणि तुम्ही धार काढताना मी तिच्या पोटाला गाल लावून बसायचे. तिच्या अंगाची ती ऊब अजून आठवते.

आता तुम्ही म्हणाल, माडांखाली काय वाईट होतं? बाबा, मागच्या खेपेला नारळ पडून छताच्या झडपेशी पोचा पडला होता, तो तुम्ही आईला दाखवलाही नव्हता. मला धुताना हाताला लागला. झाप पडतात ते वेगळेच. शिवाय ३ जून २०२० ची ती वादळाची दुपार. आपण माजघरात दारं लावून बसलो होतो आणि पोफळी मोडल्याचा एकेक आवाज ऐकू येत होता. डबा तेव्हा आपल्याकडे नव्हता. पुढच्या वर्षी सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं कात्रण तुम्ही कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंत, आणि मग तो आला. ते कात्रण मी काल पाहिलं. अजून आहे.

दादाचं म्हणणं होतं, चिपळूणला मामाच्या गोदामात ठेवू, पक्की इमारत आहे. मीच नको म्हटलं. २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी त्या भिंतीवर कुठवर चढलं होतं, ती खूण मामीनं पुसू दिलेली नाही. आणि खरं सांगू? डबा लांब गेला असता तर तुमचा जीव तिथेच अडकला असता. इथे निदान मागच्या पडवीतून दिसतो.

ती निळी ताडपत्री मात्र या वेळी घातली नाही. आई, ती सरपणावर टाकली आहे, शोधू नकोस. वाऱ्यानं ती फडफडते, खाली खारी वाळू अडकलेली असते आणि रंगाला पॉलिशपेपर मारावा तसं होतं. त्यात आतली वाफ बाहेर पडत नाही. गेल्या गणपतीत गादीवर काळी बुरशी आली ती त्यामुळेच, दार उघडं राहिल्यामुळे नव्हे. आईला त्या वेळी उगाच बोलणी बसली. आता आणलेलं कव्हर हवा खेळणाऱ्या कापडाचं आहे, पाणी अडवतं आणि वाफ सोडतं. वर पत्रा आहेच, पण गोठ्याच्या मोकळ्या बाजूनं झड आत येते, म्हणून नैऋत्येकडे आडोशाला झापांच्या झडीही बांधून घेतल्या. कव्हरचे पट्टे खालून ओढून ताणले आहेत, कुठे फडफड नाही. कोपऱ्यांना आणि छतावरच्या सोलर पॅनलच्या कडांना कापड घासून फाटू नये म्हणून मऊ घड्या घातल्या आहेत. आई, त्या तुझ्या दोन जुन्या सुती साड्या आहेत, अबोली आणि ती बारीक चौकटींची. आधी विचारायला हवं होतं. फडताळातल्या नव्या कशालाच हात लावलेला नाही.

झाकण्याआधी विहिरीच्या पाण्यानं तीनदा धुतला. सर्वात जास्त वेळ खालच्या पाट्यांना आणि हुकाला लागला, खारं वारं तिथेच जाऊन बसतं. दोन दिवस कडकडीत उन्हात खिडक्या उघड्या ठेवून वाळवला, मग हुकाला ग्रीस लावलं. गादी माळ्यावर उभी आहे. पाण्याची टाकी रिकामी, फ्रिजचं दार उघडं राहावं म्हणून मध्ये टॉवेल, कपाटं सगळी सताड उघडी. सिलिंडर काढून स्वयंपाकघरामागे ठेवलाय. वायरी जातात त्या भोकांत भांड्यांच्या तारेच्या घासण्या कोंबल्या आहेत, उंदीर त्या कुरतडत नाहीत. हँडब्रेक मोकळा सोडलाय, नाहीतर चार महिन्यांत चिकटून बसेल. चाकं घरंगळू नयेत म्हणून दोन्हीकडून उटी आहेत.

आता बॅटरी. बाबा, डेपोत तुम्ही आयुष्यभर बॅटऱ्या सांभाळल्यात. तुमच्याच हाताखाली मी बॅटरीच्या ॲसिडची घनता दाखवणारा हायड्रोमीटरचा तो तरंगता काटा वाचायला शिकले. तुम्हाला मी काय सांगणार? तरी सांगते, कारण केलंय मी.

झाकलेल्या पॅनलला ऊन नाही, म्हणजे सोलर असून नसल्यासारखा. आणि आतलं सगळं बंद केलं तरी गॅसगळतीचा अलार्म आणि रेडिओचं घड्याळ चालूच राहतात. दोघांचं मिळून ५० मिलिअँपिअर धरा. दिवसाला १.२ अँपिअर-तास, चार महिन्यांत १४४. आपली बॅटरी १५० ची. वर उकाड्यात ती आपली आपणही उतरते ते वेगळं. म्हणून बॅटरीच बाहेर काढली. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, तुम्ही सांगायचात तसंच. दोन गडी लागले उचलायला, पन्नास किलोच्या वर आहे ती. मागच्या पडवीत, जिथे हवा खेळते, तिथे फळीवर ठेवली आहे. टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावली. सहाही सेलच्या ॲसिडची घनता सारखी आली, आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले आहेत, तुम्ही तपासा. नवा चार्जर भरेपर्यंत साडेचौदा व्होल्टपर्यंत नेतो आणि नंतर साडेतेराच्या आसपास धरून ठेवतो. जास्त भरून पाणी उकळवत नाही. लाईट जाऊन आली तरी आपला आपण सुरू होतो. त्याचा हिरवा दिवा तुमच्या आरामखुर्चीतून दिसतो. खुर्चीत बसून पाहिलंय मी.

एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. गेल्या वर्षी गणपतीत डबा उघडला तेव्हा बॅटरी नऊ व्होल्टवर गेलेली होती. सल्फेट धरून कायमची बसली. तुम्ही म्हणालात, "वय झालं होतं तिचं." ती तीनच वर्षांची होती, बाबा. ज्या माणसानं एसटीच्या इतक्या गाड्यांच्या बॅटऱ्या कधी उतरू दिल्या नाहीत, त्यानं घरची एक बॅटरी चार महिने बघितली नाही, याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. अंगण ओलांडून माडांपर्यंत जाताना तुम्हाला दम लागत होता आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मी बॅटरी आणायला दापोलीला गेले, बदलली, आणि परत नाशिकला निघून गेले. एप्रिलमध्ये दवाखान्याच्या बाकावर बसले असताना मला ती बॅटरीच आठवत होती. तुमचं काही चुकलं म्हणून लिहीत नाही. माझं लक्ष नव्हतं. ते लिहिल्याशिवाय मला बरं वाटेना.

म्हणून आता ऐका, आणि आई, तू उभी राहून ऐकवून घे. बॅटरी कुणीही हलवायची नाही, फळीवर सरकवायचीसुद्धा नाही. महिन्यातून एकदा शेजारचे काका झाकणं उघडून पाणी बघतील. बाबांनी खुर्चीतून सांगायचं, वाकायचं नाही. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन पडवीत ठेवलेत, विहिरीचं पाणी घालायचं नाही. विजा कडाडायला लागल्या की आई, तू प्लग काढ. दोन-तीन दिवस काढलेला राहिला तरी बॅटरीला काही होत नाही, त्यासाठी रात्रीचं उठून जायचं नाही. गोठ्यात शिडी लावायची नाही. कव्हरवर पाणी साठलंय असं वाटलं तर मला फोटो पाठवा. गोळ्यांचा डबा मी वारांप्रमाणे भरून देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय, सकाळची गोळी चहाआधी. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर आहे ती मुद्दामच. पन्ह्यात आणि सोलकढीत मीठ कमी घाल, बाबा कुरकुरतील, लक्ष देऊ नकोस.

सरपण कोरडं आहे, पडवीच्या झडी बांधून झाल्या, घरच्या इन्व्हर्टरचंही पाणी बघितलं. तांदूळ, कुळीथ, आमसुलं भरली आहेत. बाबांची खुर्ची नव्या नवारीनं विणून घेतली, जरा ताठ वाटेल, आठवडाभरात बसेल.

दिवाळीनंतर डबा बाहेर निघेल. डॉक्टर हो म्हणाले की आधी हेदवीला जाऊ, मग वेळणेश्वर, आणि दाभोळच्या फेरीबोटीवर तुम्ही डब्याशेजारी उभे राहाल. फक्त ओढणारी गाडी मी चालवणार. दादाशी बोलून आम्ही हे ठरवलंय, बाबा. उलटं घेताना आरशात कुठे बघायचं ते तुम्ही शेजारी बसून सांगायचं, मला ते अजून नीट जमत नाही. परवा गोठ्यात घालताना सहा वेळा पुढे-मागे केलं, आणि दर वेळी तुमचाच आवाज ऐकू येत होता, "स्टिअरिंग उलटं, उलटं."

रविवारी मी निघेन. पाच तारखेला मला सुट्टी मिळत नाही, दार उघडायला मी नसेन याचं वाईट वाटतंय. काका किल्ली घेऊन येतील. आल्या आल्या पाय धुऊन आधी दोघंही झोपा.

तुमची
चिमणी

ता. क. – डब्याच्या दाराची किल्ली तुमच्या चष्म्याच्या जुन्या घरात, खुर्चीच्या उजव्या हाताला ठेवली आहे. पावसात आत जाऊन बसावंसं वाटलं तर पायरीपाशी चिरा लावून ठेवलाय, त्यावर पाय देऊन चढा, उडी मारू नका. त्या बाजूच्या पट्ट्याची क्लिप डाव्या हातानं दाबली की सुटते.